पॅरिश प्राथमिक शाळेच्या सल्लागार मंडळावर बोलावणे आले आहे. हे मंडळ नेमके करते काय?

नंदाखालची (मेलबर्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही मूळचे वसईचे, सहा वर्षांपूर्वी मेलबर्नला आलो. थोरली तिसरीत आहे, धाकटा यंदा प्रेपमध्ये (पहिलीच्या आधीच्या वर्गात) बसला, आणि दोघेही चर्चच्या आवाराला लागून असलेल्या पॅरिश (म्हणजे स्थानिक धर्मग्रामाच्या) प्राथमिक शाळेत जातात. गेल्या आठवड्यात मुलांना आणायला गेले असताना मुख्याध्यापिकाबाईंनी मला थांबवून विचारले, पुढच्या वर्षी शाळेच्या सल्लागार मंडळावर याल का? हो म्हणता म्हणता मी थांबले, कारण या मंडळाला किती अधिकार आहेत हेच मला उमगलेले नाही.

त्यांनी दिलेला कागद मी दोनदा वाचला. त्यात साहाय्य, सहभाग, सल्ला हे शब्द जागोजागी आहेत. निर्णय हा शब्द एकदाच येतो, तोही मंडळ निर्णय घेत नाही हे सांगण्यासाठी. माझ्या शेजारणीची मुले सरकारी शाळेत आहेत आणि ती तिथल्या स्कूल कौन्सिलवर आहे. ती म्हणते, आम्ही अंदाजपत्रक मंजूर करतो, गणवेशाचे धोरण ठरवतो. मग एकाच गल्लीतल्या दोन शाळांत पालकांच्या वाट्याला येणारे काम इतके वेगळे का? आमचे मंडळ शाळेला खरोखर काही आधार देते, की वर्षातून काही वेळा चहा-बिस्किटे घेऊन मान डोलावण्यापुरते असते? ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे. मी नर्स आहे, पाळ्या सांभाळून संध्याकाळ काढावी लागेल, म्हणून आधीच विचारते आहे.

पश्चिम उपनगर

ताई, मी अशा एका मंडळावर चार वर्षे होतो, त्यातली दोन अध्यक्ष म्हणून. तुमच्या शेजारणीपासून सुरुवात करतो, कारण ती सांगते ते बरोबर आहे. आपल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या सरकारी शाळांची कौन्सिले २००६च्या शिक्षण कायद्याने स्थापन झालेली असतात, त्यांना स्वतःचे कायदेशीर अस्तित्व असते आणि काही निर्णय त्यांच्याच हाती असतात. कॅथलिक पॅरिश शाळेचे सल्लागार मंडळ त्या जातीचे नाही. शाळा चालवण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर आहे आणि मंडळ त्या जबाबदार माणसाच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, शेजारी बसते. हे असे का झाले ते कळल्याशिवाय कागदावरचे शब्द गुळमुळीत वाटतात, म्हणून थोडा मागचा इतिहास सांगतो.

व्हिक्टोरियाने १८७२ साली मोफत, सक्तीच्या आणि धर्मनिरपेक्ष शिक्षणाचा कायदा केला आणि चर्चच्या शाळांची सरकारी मदत थांबली. पुढची कित्येक दशके पॅरिशने स्वतः पैसा उभा करून आणि सिस्टरांच्या जवळजवळ बिनपगारी श्रमांवर या शाळा तगवल्या. त्यामुळे शाळा पॅरिशची, म्हणून तिचा मालक आणि मुख्याध्यापकांसह सर्व शिक्षकांचा नियोक्ता पॅरिशचा धर्मगुरू, अशी व्यवस्था रूढ झाली. फादर समंजस असले तर शाळेचे भाग्य. नसले तर दाद मागायची कुणाकडे? मेलबर्नच्या आग्नेयेकडील डव्हटनच्या पॅरिश शाळेत १९८०च्या दशकात मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी तिथल्या धर्मगुरूविरुद्ध गंभीर तक्रारी केल्या. मुख्याध्यापकांनी १९८६ साली राजीनामा दिला, धर्मगुरूला मात्र पॅरिशमधून हटवायला १९९७ उजाडले. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच आपला मालक, अशी ती अवस्था होती.

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने हे प्रकरण तपासले आणि डिसेंबर २०१७च्या अंतिम अहवालात स्पष्ट शिफारस केली की धर्मगुरू हा कॅथलिक शाळांतील मुख्याध्यापकांचा व शिक्षकांचा नियोक्ता असू नये. त्यानंतर मेलबर्नच्या आर्चडायोसिसने (म्हणजे महाधर्मप्रांताने) एक वेगळी कंपनी स्थापन केली, मेलबर्न आर्चडायोसिस कॅथलिक स्कूल्स, जिला इथे सगळे मॅक्स म्हणतात. १ जानेवारी २०२१पासून पॅरिश शाळांचा कारभार तिच्याकडे आला. आज तीनशेच्या जवळपास शाळा तिच्या छत्राखाली आहेत. शिक्षकांचा मालक मॅक्स, सरकारला उत्तर देणारी मॅक्स, आणि चर्चची जमीन मात्र चर्चकडेच. फादर शाळेचे आध्यात्मिक पालक म्हणून राहिले, पण पगारपत्रकावरची त्यांची सही गेली.

आता विचार करा. कारभार शहरातल्या कार्यालयाकडे गेला, की शाळेच्या दारात उभा असलेला पालक आणि रविवारी मिस्साला येणारा म्हातारा धर्मग्रामस्थ यांचा आवाज तिथवर पोचवणार कोण? मला वाटते सल्लागार मंडळाची खरी गरज इथून सुरू होते. आमच्या मंडळात मुख्याध्यापक आणि फादर पदसिद्ध होते, शिक्षकांपैकी एक, पालकांपैकी पाच आणि ज्यांची मुले कधीच मोठी झाली आहेत असे पॅरिशमधले दोघे. या शेवटच्या दोघांना कमी लेखू नका. माझ्या चार वर्षांत दोन मुख्याध्यापक आणि दोन फादर बदलले. मागच्या वेळी अमुक प्रयोग का फसला हे ठाऊक असलेली माणसे शेवटी ही दोघेच उरली होती.

प्रत्यक्ष कामाचे एक उदाहरण देतो, क्षुल्लक वाटेल पण त्यात सगळे येते. आमच्याकडे शाळा आणि चर्च यांचे वाहनतळ एकच. अंत्यविधीची मिस्सा लांबली की शववाहिका फाटकाशी उभी असायची आणि त्याच वेळी प्रेपच्या पालकांच्या गाड्या आत घुसायच्या. शोकाकुल कुटुंबाला ते अपमानास्पद वाटे, पालकांना शाळा बेशिस्त वाटे, पॅरिशची सेक्रेटरी आणि शाळेचे ऑफिस एकमेकांकडे बोट दाखवीत. मंडळाने फक्त इतके सुचवले, की दोन्ही ऑफिसांचे कॅलेंडर एक करावे, अंत्यविधी ठरला की त्याच दिवशी शाळेला कळवावे, आणि अशा दिवशी मुलांना मागच्या फाटकातून सोडावे. हुकूम कुणावरच नव्हता. पण फादर आणि मुख्याध्यापक एकाच टेबलाशी बसलेले असताना, दोन्ही बाजूंचे लोक समोर असताना, वर्षानुवर्षे रेंगाळलेली गोष्ट चाळीस मिनिटांत मिटली.

संस्कारांच्या तयारीचेही तसेच. आमच्याकडे तिसरीत पापनिवेदन, चौथीत पहिले कम्युनियन आणि सहावीत दृढीकरण असा क्रम आहे. बरीच कुटुंबे शाळेत रोज येतात पण चर्चमध्ये या तीन वेळांपुरतीच. पॅरिशच्या जुन्या लोकांना त्याचा राग, तर त्या पालकांना आपल्याकडे बघून नाके मुरडली जातात याचा राग. मंडळावर दोन्हीकडची माणसे असल्यामुळे निदान तयारीच्या सभा दोन नोकऱ्या करणाऱ्या आईबापांना जमतील अशा वेळी घेतल्या जाऊ लागल्या.

मुलांच्या सुरक्षिततेचा विषय मात्र सुचवण्यावर सोडलेला नाही. १ जुलै २०२२पासून व्हिक्टोरियात बालसुरक्षेची अकरा मानके लागू आहेत आणि शाळांसाठी मंत्र्यांचा १३५९ क्रमांकाचा आदेश आहे. कुटुंबांना माहिती देणे आणि त्यांना सहभागी करून घेणे हे त्या मानकांपैकी एक. धोरण मॅक्सकडून येते, ते बदलण्याचा अधिकार मंडळाला नाही; पण ते धोरण वाचून सामान्य पालकाला कळते का, तक्रार करायची तर पहिला फोन कुणाला हे शाळेच्या संकेतस्थळावर चटकन सापडते का, इंग्रजी कच्चे असलेल्या आजीला ते कसे सांगायचे, हे प्रश्न आम्ही दरवर्षी विचारत असू. एकदा एका सभासदाने सभेतच फोनवर ते पान शोधायला घेतले आणि सहा मिनिटे सापडेना. पुढच्या आठवड्यात त्याचा दुवा संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर आला.

काय करायचे नाही तेही सांगतो. अमुक शिक्षकाला ठेवा किंवा काढा, अमुक मुलाला वर्गातून हलवा, माझ्या मुलीला नाटकात भूमिका का नाही, असल्या गोष्टी मंडळात काढायच्या नाहीत. कुणी काढल्या तर अध्यक्षाने नम्रपणे थांबवायच्या. निधी गोळा करणे, मेळा भरवणे, सॉसेज भाजून विकणे हे पालक-मित्र संघाचे काम. काही शाळांत तीच माणसे दोन्हीकडे असतात आणि मग सगळी सभा तंबूच्या भाड्यात जाते.

वसई-पश्चिम

वरील उत्तर उत्तम आहे, पण मी थोडा कडू सूर लावणार आहे. मी वसईच्या धर्मप्रांतातील एका मराठी माध्यमाच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालो. शाळेचे नाव सांगत नाही. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ने शाळा व्यवस्थापन समिती आणली, ज्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. २०१२च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांनी चालवलेल्या आणि इतर अनुदानित शाळांत ही समिती केवळ सल्ला देण्याचे काम करील असे ठरले. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती ट्रस्टच्या खटल्यात हा कायदाच अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असा निकाल दिला. म्हणजे आमच्या समितीच्या अंगावर आधी सल्लागाराचा सदरा चढवला आणि मग तोही उतरवला.

आमच्या शाळेत ती समिती कशी चालायची? वर्गखोलीतल्या बाकावर पालकांना बसवायचे, व्यवस्थापक फादर वीस मिनिटे बोलायचे, मुख्याध्यापक मागच्या सभेचा वृत्तांत वाचायचे, आणि वही फिरायची. वहीवर सह्या झाल्या की सभा झाली. एकदा एका कोळी बाईने विचारले, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी का नाही? सगळे हसले. कडी बसली, पण चार महिन्यांनी, आणि ती बाई पुढच्या वर्षी समितीत नव्हती. म्हणून विचारतो, की ज्याच्या हाती अधिकार नाही त्याचा सल्ला न ऐकण्याची मुख्याध्यापकाला काय किंमत मोजावी लागते? किंमत शून्य असेल तर मंडळ बाहुलीच ठरते, मग ते मेलबर्नला असो की माणिकपूरला.

पश्चिम उपनगर

सर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. आमच्याकडच्या एका मुख्याध्यापकांच्या काळात मंडळ जवळजवळ तसेच झाले होते: सभेच्या आदल्या रात्री कागद यायचे, सभेत ते वाचून दाखवले जायचे, घरी जायला दहा वाजायचे.

फरक दोन गोष्टींनी पडला. एक म्हणजे कागद सात दिवस आधी यावेत असा आग्रह आम्ही धरला. दुसरी अधिक महत्त्वाची. दिलेल्या प्रत्येक सल्ल्याचे पुढे काय झाले, स्वीकारला, बदलून स्वीकारला की नाकारला, आणि नाकारला तर कारण काय, हे पुढच्या वृत्तांतात लिहायचे ठरले. नाकारण्याचा मुख्याध्यापकांचा हक्क अबाधित राहिला. पण कारण लिहावे लागले की माणूस दोनदा विचार करतो, आणि कधी कधी ते कारण वाचून आम्हालाच पटायचे की आमचा सल्ला कच्चा होता. तुमच्या त्या बाईचा प्रश्न जर वहीत लिहिला गेला असता तर कडीला चार महिने लागले नसते, असे मला वाटते.

आणखी एक. चर्चच्या कारभाराला सल्ल्याची ही पद्धत नवी नाही. १९८३च्या कॅनन कायद्यातील (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यातील) ५३६वे कलम सांगते की पॅरिशच्या पाळकीय मंडळाचे मत सल्ल्यापुरते असते. त्यानंतरचे ५३७वे कलम मात्र प्रत्येक पॅरिशला अर्थविषयक मंडळ असलेच पाहिजे असे बजावते. म्हणजे निर्णय एकाचा असला तरी त्याने एकट्याने बसून तो घेऊ नये, ही अपेक्षा जुनी आहे. ती पाळली जाते का, हा तुमचा प्रश्न, आणि तो मी टाळत नाही.

खतावणी (जिलाँग)

मी लेखापाल आहे आणि आमच्या मुलांच्या पॅरिश शाळेच्या मंडळावर सध्या दुसऱ्या वर्षी आहे, म्हणून पैशांबद्दल तेवढे लिहितो, कारण नव्या सभासदांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो.

आपल्या शाळेचा बहुतेक खर्च केंद्र सरकारच्या अनुदानातून चालतो, राज्याचा वाटा त्याहून लहान असतो आणि उरलेली रक्कम फीमधून येते. केंद्राचे अनुदान ठरवताना पालकांची ऐपत हिशेबात धरली जाते, आणि २०२०पासून ती ऐपत पालकांच्या प्रत्यक्ष उत्पन्नाच्या माहितीवरून मोजली जाते. त्याआधी राहत्या वस्तीच्या जनगणनेवरून अंदाज बांधत. पण ही रक्कम थेट आपल्या शाळेच्या खात्यात पडत नाही. ती संपूर्ण व्यवस्थेसाठी एकत्रितपणे येते आणि मॅक्स आपल्या शाळांत गरजेप्रमाणे वाटप करते. म्हणून 'सरकारने आमच्या शाळेला दिलेले पैसे कुठे गेले' असा प्रश्न सभेत विचारून काही हाती लागत नाही. मी पहिल्याच सभेत तो विचारला होता, हे कबूल करतो.

मंडळाचा उपयोग होतो तो फीच्या बाजूला. बऱ्याच पॅरिश प्राथमिक शाळांत मुलागणिक फी न घेता कुटुंबामागे एक फी घेतात, आणि वर शिबिर, सहल, पोहणे यांचे वेगळे आकार लागतात. आकडे एकेकटे पाहिले तर लहान दिसतात. मी ते एका कुटुंबाच्या वर्षावर मांडून दाखवले तेव्हा कळले, की तीन मुले असलेल्या घराला सहावीचे शिबिर, पोहणे आणि वर्गात वापरायचे नवीन डिजिटल उपकरण हे तिन्ही खर्च एकाच सत्रात येत होते. शिबिराचे पैसे आधीच्या वर्षापासून हप्त्याने घ्यावेत असे मंडळाने सुचवले आणि ते मानले गेले. सवलत कार्ड असलेल्या कुटुंबांना फीत सूट मिळते आणि राज्याच्या शिबिर-क्रीडा-सहल निधीसाठी बिगरसरकारी शाळेतली मुलेही पात्र ठरतात. पण लाजेमुळे किंवा माहितीअभावी कितीतरी लोक अर्ज करीत नाहीत. ऑफिसात पैशांची अडचण सांगायला कुणालाच आवडत नाही, आपल्या लोकांना तर त्याहून नाही. म्हणून सवलतीचा मजकूर थकबाकीच्या पत्राच्या तळाशी न ठेवता प्रवेशाच्या पहिल्याच पत्रात घाला, एवढे आम्ही सांगितले.

इमारतीबद्दल: नवीन वर्गखोल्यांसाठी केंद्राकडून जे भांडवली अनुदान मिळते ते व्हिक्टोरियात कॅथलिक शाळांच्या एका सामाईक संस्थेमार्फत वाटले जाते आणि रांग मोठी असते. मंडळ तिथे गरजेची बाजू नीट मांडायला मदत करते. शौचालयांवरून आठवले, वसईच्या सरांना हे आवडेल. न्यू साउथ वेल्समधल्या गोलबर्न गावात आरोग्य अधिकाऱ्यांनी एका कॅथलिक प्राथमिक शाळेला जास्तीची शौचालये बांधायला सांगितली. पैसे नव्हते. जुलै १९६२मध्ये गावातल्या कॅथलिकांनी आपल्या शाळा बंद करून सगळी मुले सरकारी शाळांच्या दारात नाव घालायला पाठवली. सरकारी शाळांत तेवढी जागाच नव्हती, आणि कॅथलिक शाळा सरकारचा केवढा भार वाहतात हे देशाला दिसले. बिगरसरकारी शाळांच्या अनुदानाचा वाद त्यानंतर मिटेपर्यंत बातम्यांतून हटला नाही. त्या पालकांनाही निर्णयाचा अधिकार कुणी दिला नव्हता.

नंदाखालची (मेलबर्न)

सर्वांचे मनापासून आभार. सर, तुमची कडीची गोष्ट वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते, कारण माझ्या आईनेही आमच्या शाळेत असाच एक प्रश्न विचारला होता आणि घरी येऊन 'परत जाणार नाही' म्हणाली होती.

मी मुख्याध्यापिकाबाईंना काल तीन गोष्टी विचारल्या: कागद किती दिवस आधी मिळतात, सल्ल्याचे पुढे काय झाले ते लिहिले जाते का, आणि वर्षाच्या आराखड्यावर मंडळाचे मत तो पक्का होण्यापूर्वी घेता की नंतर. पहिल्याचे उत्तर चांगले होते. दुसऱ्याला त्या म्हणाल्या, 'असे कुणी मागितले नव्हते, पण करता येईल.' तिसऱ्याला त्यांनी जरा वेळ घेतला आणि प्रामाणिकपणे सांगितले, की आजवर आराखडा छापून झाल्यावरच दाखवला आहे. माझा विश्वास बसला तो या तिसऱ्या उत्तरामुळे.

एक व्यावहारिक शंका. मी नर्स असल्याने माझ्याकडे आधीच वर्किंग विथ चिल्ड्रेन चेक (मुलांसोबत काम करण्यासाठी लागणारी सरकारी तपासणी) आहे. मंडळासाठी वेगळा काढावा लागेल का? आणि माझी नणंद याच शाळेत शिक्षिकेची मदतनीस आहे, ते आड येईल का?

पश्चिम उपनगर

चेक वेगळा काढू नका. नोकरीसाठी घेतलेला चेक स्वयंसेवेलाही चालतो. उलट फक्त स्वयंसेवकाचा, फुकट मिळणारा चेक असता तर तो पगारी कामाला चालला नसता. पाच वर्षे वैध असतो, तारीख बघून ठेवा आणि तुमच्या नोंदीत शाळेचे नाव घालायला विसरू नका.

नणंदेबद्दल पहिल्या सभेतच सांगून टाका आणि ते वृत्तांतात नोंदवायला सांगा. मदतनिसांच्या तासांचा किंवा नेमणुकीचा विषय निघाला तर तेवढ्यापुरते खोलीबाहेर जा. एरवी काही अडचण नाही. पॅरिश शाळेत कुणाचे ना कुणाचे नाते निघतेच. आणि रात्रपाळी असलेल्या आठवड्यात सभा ठेवू नका असे तारखा ठरतानाच सांगा, नंतर बदलायला कुणी तयार होत नाही.